कोट आणि दगड

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मीटरभर उंचीचं एक तैलचित्र आहे. खाली सिसिलीतल्या पालेर्मो शहराचं बंदर, मागे डोंगर, आणि काळवंडलेल्या आभाळात देवदूतांच्या घोळक्यातून वर निघालेली संत रोझालिया. केस मोकळे, अंगावर जाडंभरडं तपकिरी वस्त्र, नजर वर लागलेली. १६२४ साली पालेर्मोत प्लेग पसरला होता. शहराला यातून सोडव म्हणून ही बाई देवाकडे रदबदली करायला चालली आहे. संग्रहालयाने हे चित्र १८७१ मध्ये, अगदी सुरुवातीच्या खरेदीतच घेतलं. पुढे कधीतरी ते क्ष-किरणांखाली धरलं, तेव्हा रोझालियाच्या खालून एका तरुणाचा चेहरा वर आला. तो चित्रकाराचाच होता. पंचविशीतल्या अँथनी व्हॅन डाइकने त्या कॅनव्हासवर स्वतःचं चित्र सुरू केलं होतं आणि नंतर त्यावरच संतिणीला चढवलं होतं.

कॅनव्हासची टंचाई असेल, घाईही असेल. साथीच्या दिवसांत हवी ती वस्तू हवी तेव्हा मिळत नाही, हे आता आपल्यालाही कळलं आहे. तरी मला राहून राहून वाटतं, जन्मभर लोकांचे चेहरे रंगवून ज्याने नाव आणि पैसा कमावला, त्याने भीतीच्या दिवसांत स्वतःच्या चेहऱ्यावर हात फिरवला आणि त्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं, ही गोष्ट साधी नाही. त्याची व्यक्तिचित्रं आणि धर्मचित्रं ही दोन वेगळी खाती म्हणून कलेच्या पुस्तकांत मांडतात. पहिल्यात तो थोर, दुसऱ्यात बरा, असा निकालही बहुधा देऊन टाकतात. या कॅनव्हासवर मात्र दोन्ही खाती एकमेकांवर पडलेली आहेत.

मी भंडाऱ्यात राहते. ही चित्रं मी पाहिली ती मोबाइलच्या पडद्यावर. मोठ्या संग्रहालयांनी आपला खजिना इंटरनेटवर खुला केल्यापासून, रात्री घर निजल्यावर, दोन बोटांनी चित्र ताणून एखाद्या उमरावाच्या बाहीची शिवण पाहता येते. मी चेहऱ्याआधी बाही पाहते, कारण मी मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या कोष्ट्याघरची. आमच्याकडे कोसा विणतात. ऐनाच्या झाडांवर वाढलेले कोसे ढिवरांकडून यायचे. ते उकळले की घरातल्या बायका मांडीवर घासून त्यांचा धागा काढायच्या. पुरुष खड्डामागावर पाय खाली सोडून बसायचे. कोशाचं कापड मधाच्या रंगाचं असतं आणि झगमगत नाही. उजेड आत मुरवून घेतं, मग हळूहळू बाहेर देतं. असल्या घरात वाढलेल्या मुलीला चित्रातलं कापड खरं की खोटं हे पटकन कळतं.

व्हॅन डाइकचं कापड खरं आहे. त्याचं कारणही घरातलंच आहे. १५९९ च्या मार्चमध्ये अँटवर्पला जन्मलेला हा मुलगा रेशमाच्या व्यापाऱ्याचा, भावंडांत सातवा. आई भरतकामात नावाजलेली. तो आठ वर्षांचा असताना ती गेली. दहाव्या वर्षी तो हेंड्रिक व्हॅन बालेनच्या हाताखाली शिकायला बसला, एकोणिसावं लागण्याआधीच चित्रकारांच्या संघाने त्याला उस्ताद म्हणून दाखल करून घेतलं, आणि रूबेन्ससारख्या माणसाच्या चित्रशाळेत तो पहिल्या नंबरचा मदतनीस झाला. त्याचा साटिन पाहावा. लांबून गुडघ्यावर घडी मोडलेली दिसते आणि चित्र ताणून जवळ गेलं की तिथे पांढऱ्या रंगाचे चार बेफिकीर फटकारे असतात. ताणा कुठे आणि बाणा कुठे हे ठाऊक असलेल्या माणसालाच इतकी बेफिकिरी परवडते.

१६३२ मध्ये तो लंडनला गेला. राजा पहिला चार्ल्स याने त्याला सर ही पदवी दिली, वर्षाला दोनशे पौंडांची नेमणूक दिली, थेम्स नदीकाठी ब्लॅकफ्रायर्सला घर दिलं. तिथे जे सुरू झालं त्याला कारखानाच म्हणायला हवं. एव्हरहार्ड याबाख नावाच्या त्याच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलेली हकिगत फ्रेंच लेखक रॉजे द पीलने लिहून ठेवली आहे. बैठक एका तासाची. तास संपला की व्हॅन डाइक उठायचा, वाकून नमस्कार करायचा, पुढची वेळ ठरवायचा. तोवर नोकराने कुंचले धुऊन दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी नवी रंगपाटी तयार ठेवलेली असायची. अंगाची ठेवण आणि कपडे तो रंगीत कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने झटपट टिपायचा. मग गिऱ्हाइकाचे खरे कपडे मागवून घेतले जायचे आणि मदतनीस ते रंगवायचे. आणि हात? हातांसाठी त्याने वेगळी माणसं पगारावर ठेवली होती. म्हणजे एखाद्या ड्यूकच्या चित्रातली ती निमुळती, आळसावलेली, खानदानी बोटं लंडनच्या कुठल्या तरी गल्लीत राहणाऱ्या गरीब माणसाची असू शकतात.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या आजाचा कोट आठवला.

आंधळगावच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर आजाचा फोटो आहे. काळापांढरा, वरून हाताने रंगवलेला. गाल गुलाबी, फेटा केशरी, अंगात निळसर कोट. आजाने आयुष्यात धोतर आणि बंडी यांखेरीज काही घातल्याचं कुणाला ठाऊक नाही. मी लहानपणी आजीला विचारलं होतं, “आजी, हा कोट कोनाचा वो?” ती सूत काढता काढताच म्हणाली, “इस्टुडिओवाल्याचा. गावातले अर्धे बुढे त्याच कोटात हायेत.” पुढे मी मुद्दाम पाहत गेले, तर खरंच. ज्या ज्या घरी त्या पिढीतल्या पुरुषाचा फोटो होता, त्यातल्या कितीतरी घरी तोच कोट होता. कुणाला खांद्यात सैल, कुणाला पोटाशी ताणलेला. एकाचं मनगट बाहीतून चार बोटं बाहेर आलेलं.

व्हॅन डाइक आणि तो छायाचित्रकार एकाच धंद्यातले. गिऱ्हाईक जसं आहे तसं नको असतं, जसं दिसायला हवं तसं हवं असतं. चार्ल्स राजा बुटका होता, पाच फुटांहून थोडाच वर. व्हॅन डाइकने आणि त्याच्या चित्रशाळेने मिळून त्याची सुमारे चाळीस चित्रं केली, आणि त्यांतल्या एकातही राजा बुटका वाटत नाही. कधी त्याला घोड्यावर बसवलं आहे आणि पाहणाऱ्याची नजर खाली, घोड्याच्या गुडघ्याशी ठेवली आहे. लूव्हरमधल्या शिकारीच्या चित्रात राजा घोड्यावरून उतरला आहे, पण तिथे घोड्याचीच मान खाली वाकवली आहे. राणी हेन्रिएटा मारिया हिची गोष्ट तर तिच्या भाचीनेच लिहून ठेवली आहे. ही सोफी व्हॅन डाइकची चित्रं पाहून इंग्लंडातल्या बायका किती देखण्या असतील अशी कल्पना करून बसली होती. प्रत्यक्ष राणी समोर आली, तर ठेंगणी, हातांची काडी झालेली, दात पुढे आलेले.

याला लबाडी म्हणावं का? ही युक्ती त्याला कुठे तरी शिकवली गेली होती, आणि शिकवणारी व्यक्ती मला फार आवडते. १२ जुलै १६२४ ला, पालेर्मोतच, तो सोफोनिस्बा आंग्विसोला या चित्रकर्तीला भेटायला गेला. स्पेनच्या दरबारात चित्रकार म्हणून राहिलेली ही बाई तेव्हा नव्वदीत होती, डोळे जवळजवळ गेलेले. व्हॅन डाइकने आपल्या वहीत तिचं रेखाटन केलं आणि भोवती इटालियनमध्ये भेटीची हकिगत लिहिली. ती वही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. म्हातारीची बुद्धी तल्लख होती आणि तिने त्याला एक सूचना केली. माझं चित्र काढताना उजेड फार वरून घेऊ नकोस, नाहीतर सुरकुत्यांच्या सावल्या फार मोठ्या पडतील. दिसत नसलेल्या बाईला आपल्या सुरकुत्यांची सावली किती पडेल हे बरोब्बर ठाऊक होतं. व्हॅन डाइकने ते वहीत नोंदवलं आणि पुढची सतरा वर्षं सगळ्या युरोपच्या सुरकुत्या त्याने त्या एका धड्यावर सांभाळल्या.

पण सावली झाकली की आणखीही बरंच काही झाकलं जातं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं एक चित्र आहे, विल्यम फील्डिंग, अर्ल ऑफ डेन्बी याचं. हा इंग्रज उमराव १६३१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून हिंदुस्थानात आला, मुघल दरबारापर्यंत जाऊन १६३३ मध्ये परतला, आणि लगेच व्हॅन डाइकपुढे उभा राहिला. अंगात गुलाबी रेशमी अंगरखा आणि पायजमा, त्यावर सोनेरी रेघा. हातात बंदूक. शेजारी पगडीवाला एक हिंदुस्थानी मुलगा त्याला झाडावरचा पोपट बोटाने दाखवतो आहे. उमराव दचकून वर पाहतो आहे. मुलगा कोण, कुठला, चित्र सांगत नाही. त्या पायजम्याच्या रेघा गुडघ्यापाशी ज्या तऱ्हेने मोडतात ते मी कितीदा तरी पाहिलं आहे. आमच्या घरातल्या कुणीही त्या रेघांना नाव ठेवलं नसतं.

आणि ती वर्षं कोणती? १६३० ते ३२ च्या दुष्काळाची. गुजरात आणि दख्खन उजाड झाली होती. पीटर मंडी हा कंपनीचा नोकर सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला, त्याच्या रोजनिशीत रस्त्याकडेच्या प्रेतांची वर्णनं आहेत. तुकोबांच्या घरातला दुष्काळ, पहिल्या बायकोचं अन्नावाचून जाणं, तेही याच काळातलं. फील्डिंग ज्या मुलखातून फिरून आला त्या मुलखाचं एवढंच उरलं: गुलाबी रेशीम, एक पोपट आणि एक बिननावाचा मुलगा. यात व्हॅन डाइकचा दोष नाही. तो इथे आलाच नव्हता आणि त्याच्याकडून मागितलं होतं तेवढं त्याने दिलं. पण व्यक्तिचित्राची मर्यादा मला याहून स्पष्ट कुठे दिसलेली नाही. ते पैसे मोजणाऱ्याची बाजू घेतं.

धर्मचित्रात हा सौदा वेगळा होतो. तिथेही पैसे मोजणारा असतोच, चर्च असतं, पंथ असतो, त्यांचा हेतू असतो. आपल्याला जवळचं उदाहरण गोव्याचं. ज्या फ्रान्सिस झेवियरचं शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये आहे, त्याला १६२२ मध्ये रोमने संतपद दिलं. त्याआधीच रूबेन्सने अँटवर्पच्या जेझुइट चर्चसाठी झेवियरच्या चमत्कारांचं भलंमोठं चित्र केलं होतं. आज ते व्हिएन्नात आहे. त्यात झेवियर मेलेल्यांना उठवतो आहे आणि मागे मंदिरातली मूर्ती कोसळते आहे. ती मूर्ती पाहिली की कळतं, चित्रकाराने हिंदुस्थानातलं एकही देऊळ पाहिलेलं नाही. संतपदाच्या सुमारास व्हॅन डाइक इटलीत होता, आणि झेवियरचं एक चित्र त्याच्याही हातून उतरलं. ते व्हॅटिकनमध्ये आहे. तिकडे गोव्यातल्या सोनारांनी १६३६-३७ मध्ये झेवियरसाठी चांदीची पेटी घडवली आणि तिच्या पत्र्यांवर त्याच्या आयुष्यातले प्रसंग उठवले. तीन ठिकाणी, तीन हातांनी, एकाच माणसाला देव करण्याचं काम चाललं होतं. यातलं कुठलंच झेवियरचं व्यक्तिचित्र नव्हे, आणि तसं असायची कुणाला गरजही वाटली नाही.

रोझालियाचंही तसंच. ती बाराव्या शतकातली, डोंगरातल्या गुहेत एकटी राहिलेली जोगीण. ती कशी दिसायची हे कुणाला ठाऊक असणार? १५ जुलै १६२४ ला, सोफोनिस्बाच्या भेटीनंतर तीनच दिवसांनी, माँते पेल्लेग्रिनो डोंगरात तिची म्हणून हाडं सापडली. प्लेगने भ्यालेल्या शहराने ती उचलून धरली. ज्याचं चित्र रंगवायला व्हॅन डाइक पालेर्मोत आला होता, तो व्हाइसरॉय एमान्वेले फिलिबेर्तो ऑगस्टच्या सुरुवातीला प्लेगने गेला. त्याचं चिलखतातलं चित्र लंडनला डलिचच्या संग्रहालयात आहे. सोनेरी नक्षीचं चिलखत, तलवारीच्या मुठीवर हात, आणि आत एक माणूस ज्याला यातलं काही उपयोगी पडणार नव्हतं. त्यानंतर व्हॅन डाइकने रोझालिया रंगवली, एकदा नव्हे, अनेकदा. मोकळे केस, गुलाबांचा मुकुट, कवटी, तपकिरी वस्त्र. पुढे जगाने रोझालिया म्हणून जी ओळखली ती बरीचशी त्याचीच. आपल्याकडे १८९४ मध्ये निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वतीचे चेहरे घरोघरी ठरवून टाकले, तसंच काहीसं.

फरक इतकाच की त्या पहिल्या दिवसांतल्या एका रोझालियाच्या खाली चित्रकार स्वतः आहे.

आमच्या झाडीपट्टीत साथीची देवी म्हणजे मातामाय. गावाच्या कडेला, बहुधा कडुनिंबाखाली, शेंदूर फासलेले दगड. देवी, गोवर, पटकी, सगळ्याची दाद तिच्याकडे. तिला चेहरा नाही. क्वचित कुणी हौसेने चांदीचे डोळे लावतात, नाहीतर तेही नाहीत. २०२१ च्या उन्हाळ्यात, घराबाहेर निघायची चोरी होती तेव्हाही, पहाटे एकेकटी बाई तांब्या घेऊन मातामायकडे जाताना मी पाहिली आहे. पाणी घालायचं, हात जोडायचे, मागे न पाहता परत यायचं. व्हॅन डाइकला रोझालियासाठी चेहरा शोधावा लागला, आमच्या बायांना लागला नाही. पण तिथे जाताना प्रत्येकीने आपला चेहरा घरी ठेवलेला असायचा. तोंडावर पदर, नाकावर फडकं. कोण आलं आणि कोण गेलं हे विचारायचं नाही, असा अलिखित नियम होता. मागणं मागायला येणाऱ्याला नाव नसलं तरी चालतं.

चेहऱ्यावाचून भागतं याची त्याहून जुनी साक्ष पवनीला आहे. वैनगंगेकाठच्या या गावात १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, आणि जगन्नाथ टेकडीखालून मौर्य-सातवाहन काळातला मोठा स्तूप वर आला. तिथल्या एका दगडी खांबावर मुचलिंद नाग कोरला आहे, फणा उभारलेला, नावासकट. बुद्धाला पावसापासून झाकणारा हा नाग. त्याच्या फण्याखाली आसन आहे आणि आसनावर कुणी नाही. त्या काळी बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवत नसत. बोधिवृक्ष, चक्र, पावलं, रिकामं आसन, एवढ्यावर भागत असे. पाहणाऱ्याला तेवढं पुरायचं.

आता त्याच पवनी तालुक्यातल्या कुठल्याही बौद्ध घरात जावं. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी असतात. बुद्धाचे डोळे मिटलेले, बाबासाहेबांचे उघडे. बाबासाहेबांच्या अंगात निळा कोट, खिशाला पेन. धर्मचित्र आणि व्यक्तिचित्र खिळ्यांच्या एकाच रांगेत. आणि इथे माझा सगळा हिशेब अडतो. व्यक्तिचित्र म्हणजे झाकणं, असं मी इतका वेळ म्हणत आले. पण बाबासाहेबांचा कोट काही झाकत नाही. ज्यांनी अंगभर धडकं कापड घालणं हाच एके काळी गुन्हा ठरत असे, त्यांच्या भिंतीवर तो कोट उघडपणे काही मागतो आहे. १९५४ मध्ये बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. दोन वर्षांनी नागपूरला दीक्षा झाली, आणि त्याच वर्षी ते गेले. ज्या मतदारसंघाने त्यांना निवडून दिलं नाही, त्यातल्या वस्त्यावस्त्यांत आज तो कोट उभा आहे. चार्ल्सच्या रेशमाशी याची तुलना होत नाही. ज्याच्याकडे सगळं होतं त्याला व्हॅन डाइकने आणखी चार बोटं उंची दिली. ज्यांच्याकडे काहीच येऊ दिलं नव्हतं त्यांनी आपल्या माणसाचं चित्र लावलं ते आपली उंची सांगायला.

त्या हिशेबाने आजाचा कोटही मी पुन्हा पाहिला. त्यात लबाडी असली तरी ती एका विणकराची आहे. दुसऱ्यांच्या अंगावर जाणारं कापड त्याने जन्मभर विणलं. एकदा, पाच मिनिटांसाठी, दुसऱ्याचं कापड आपल्या अंगावर चढवलं. शेवटी तोही कोट इस्टुडिओवाल्याचाच, मापाचा नाही तो नाहीच. पण मागणं कळतं.

मग व्हॅन डाइकला स्वतःला काय मागायचं होतं? याचं उत्तर मला अँटवर्पच्या एका चित्रात सापडतं. त्याचे वडील १६२२ मध्ये वारले. शेवटच्या आजारात डॉमिनिकन जोगिणींनी त्यांची शुश्रूषा केली होती. तिची परतफेड म्हणून मुलाने त्यांच्या मठाला एक चित्र द्यावं, असं बापाने सांगून ठेवलं होतं. मुलगा तेव्हा इटलीत होता. परतल्यावर, १६२९ मध्ये, त्याने ते ऋण फेडलं. क्रुसावर ख्रिस्त, दोन्ही बाजूंना संत डॉमिनिक आणि सिएनाची संत कॅथरीन. क्रुसाच्या पायथ्याशी एक दगड, आणि दगडावर लॅटिन अक्षरं. त्यांचा भावार्थ असा: वडिलांच्या आत्म्याला माती जड होऊ नये म्हणून अँथनी व्हॅन डाइकने हा दगड क्रुसापाशी लोटत आणला आणि या जागेला दिला.

बापाचा चेहरा या चित्रात कुठेही नाही. त्या काळच्या प्रथेप्रमाणे चित्र देणाऱ्याला किंवा मृताला कोपऱ्यात गुडघे टेकून बसवता आलं असतं. तसं केलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. आणि हे युरोपातल्या सगळ्यात महागड्या चेहरेवाल्याला तर एका तासाचं काम. त्याने ते केलं नाही. रेशमाच्या व्यापाऱ्याच्या स्मारकात रेशमाचा तुकडाही न देता त्याने एक ओबडधोबड दगड ठेवला, आणि तो ओढायचे कष्ट मात्र स्वतःच्या नावावर लिहिले. चेहरा देणं त्याला किती सोपं होतं, आणि त्या सोपेपणात काय काय निसटतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. इतरांसाठी तो चेहरा खपवत होता. स्वतःच्या बापाच्या वेळी त्याने मातामायच्या आणि पवनीच्या खांबाच्या बाजूला कौल दिला.

इंग्लंडने त्याला पुन्हा चेहऱ्यांकडेच ओढलं. प्रॉटेस्टंट देशात वेदीवरच्या चित्रांना मागणी नव्हती. शेवटच्या वर्षी तो पॅरिसला जाऊन आला, लूव्हरच्या मोठ्या दालनाचं काम मिळावं म्हणून. ते चित्रकार पूसँकडे गेलं. डिसेंबर १६४१ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, तो लंडनला वारला. मुलगी आठ दिवसांची होती. बाप गेला त्याच दिवशी तिचा बाप्तिस्मा झाला. सेंट पॉल्समधली त्याची कबर १६६६ च्या आगीत गेली. राजाचं तीन बाजूंनी काढलेलं चित्र त्याने रोमला बेर्निनीकडे पाठवलं होतं. त्यावरून बेर्निनीने घडवलेला संगमरवरी अर्धपुतळा १६९८ मध्ये राजवाड्यासह जळाला. खुद्द राजाचं डोकं त्याआधीच, १६४९ मध्ये, कुऱ्हाडीखाली गेलं होतं. चेहरे टिकवण्याचा धंदा एवढा बेभरवशाचा.

तरीही पुस्तकं त्याला पोर्ट्रेटवाला म्हणूनच ओळखतात आणि धर्मचित्रांना रूबेन्सची सावली म्हणून बाजूला करतात. मला ते मान्य नाही. राजांच्या चित्रांत त्याचं कसब आहे, आणि त्या कसबाला एका कोष्ट्याच्या नातीचा दंडवत. पण माणूस पाहायचा असेल तर ज्या चित्रांत कुणाचाच चेहरा सांभाळायची सक्ती नव्हती तिथे जावं लागतं. तिथे त्याने प्लेगच्या भीतीपोटी स्वतःला पुसलं आणि बापासाठी दगड ओढला. घरातल्या भिंतीवर कुणाचा फोटो लावायचा, कोणत्या कपड्यातला लावायचा, यावरून आपल्याकडे अजून भांडणं होतात. ती व्हावीत, कारण फोटोतून आपण जगाला काहीतरी सांगत असतो. फक्त गेलेल्या माणसाचं देणं त्या चौकटीने फिटलं असं कुणी समजू नये. ते फेडायचं काम दुसऱ्या कशाने तरी करावं लागतं, आणि त्यात आपलं तोंड दिसलं नाही तरी चालतं.